बिबट्याच्या पट्ट्यात मोठा कुत्रा पाळायचाय, कोणती जात घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शिरूर तालुक्यात मळ्यात घर आहे, सहा एकरांपैकी चार एकर ऊस, १४ शेळ्या. घरात आईवडील, तुम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरून बिबट्यानं शेळी उचलली. आता रॉटवायलर घ्यावा, जर्मन शेफर्ड घ्यावा की कंगाल? कंगाल लांडग्याला लोळवतो म्हणतात, मग बिबट्याला भारी पडेल का? थोरल्याला सेंट बर्नार्ड हवाय. खर्चाची तयारी चाळीस हजारांपर्यंत. आणि शेवटी, माझी स्वतःची आवडती जात कोणती?

मी तुमच्याच बाजूला, कुकडीच्या कालव्याच्या पट्ट्यात, गेली बावीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवते. गाई-म्हशी आणि शेळ्या हे रोजचं काम. पण कुत्र्यांवर जीव आहे, त्यातही मोठ्या कामकरी जातींवर जरा जास्तच. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी ते ‘भारी पडेल का’ बघू. नाही पडणार. एकटा कुत्रा, कोणत्याही जातीचा, रात्रीच्या वेळी उसाच्या कडेला बिबट्याला भारी पडत नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यानं खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे आपण ज्याला राखणीला आणतो, तोच बिबट्याचा नेहमीचा घास आहे.

चार वर्षांपूर्वी पहाटे मला एका मळ्यातून फोन आला. फाटकाशी बांधलेला तीन वर्षांचा डॉबरमन गायब होता. मी पोचले तेव्हा साखळी खुंटीला तशीच होती आणि तुटलेला पट्टा आजोबांच्या हातात होता. ते एकच विचारत होते, ‘याचा आवाज कसा नाही आला?’ बिबट्या थेट नरडं धरतो. साखळीतल्या कुत्र्याला पळता येत नाही, वळताही येत नाही, त्याला ओरडायला वेळच मिळत नाही. उपचार करण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. त्या दिवसापासून मळ्यात कुत्रा पाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी जातीआधी एकच विचारते : रात्री तो झोपणार कुठं?

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो : या कुत्र्यानं नेमकं कोणतं काम करायचं? माझ्या मते तुमच्याकडे त्याचं काम आहे कळवणं. उसात काही हललं तर माणसाच्या कितीतरी आधी त्याला कळतं. तो भुंकला की तुम्ही दिवा लावाल, बाहेर आवाज कराल, आणि बिबट्या बहुतेक वेळा मागं फिरेल. हे काम तो जाळीच्या आत सुरक्षित बसूनही करू शकतो. दिवसा शेळ्यांबरोबर फिरणं, अनोळखी माणूस आला की वर्दी देणं आणि मुलांना सांभाळून घेणं ही उरलेली कामं.

एवढं मनात ठेवून आता जातींकडे वळू. मोठ्या कुत्र्यांची जी ओढ आपल्याला वाटते ती नुसत्या आकाराची नसते. प्रत्येक जात पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी एका कामासाठी घडवलेली असते आणि ते काम तिच्या चालण्यात, बघण्यात, झोपण्यातसुद्धा उतरतं.

जर्मन शेफर्डचंच घ्या. त्याला आपण पोलिसांचा कुत्रा म्हणून ओळखतो, पण मुळात तो मेंढपाळाचा. माक्स फॉन स्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये एका प्रदर्शनात हेक्टर नावाचा कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून ही जात नोंदवायला सुरुवात केली. जर्मनीत मेंढरं कुंपण नसलेल्या पट्ट्यात चरायची आणि दोन्ही बाजूंना उभं पीक असायचं. मेंढरू पिकात शिरू नये म्हणून हा कुत्रा दिवसभर त्या हद्दीवरून येरझाऱ्या घालायचा. चालतं-फिरतं कुंपणच म्हणा. आजही चांगल्या रक्ताचा शेफर्ड शेतात सोडला की चार दिवसांत बांधावरून फिरायला लागतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मी हे पहिल्यांदा नारायणगावच्या बाजूला एका द्राक्षबागेत पाहिलं तेव्हा काम सोडून अर्धा तास नुसती बघत उभी होते.

त्याचं दुखणं म्हणजे मागचा भाग. प्रदर्शनांच्या नादात अनेक ठिकाणी पाठ उतरती आणि मागचे पाय वाकलेले असे कुत्रे पैदा केले गेले, आणि खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष या जातीत फार आढळतो. सहा-सात वर्षांचा होईस्तोवर उठता-बसता कण्हणारे शेफर्ड मी दर पावसाळ्यात तपासते. पिल्लू घेताना आईबापांना चालताना बघा. पाठ सरळ हवी, मागचे पाय डुलत नकोत. विकणारा आई दाखवायला तयार नसेल तर तिथून परत या.

रॉटवायलर ही माझी दुखरी आणि लाडकी जागा. दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा हा कुत्रा. तो गुरं हाकत बाजारापर्यंत न्यायचा, मांसाच्या गाड्या ओढायचा आणि परतताना विक्रीच्या पैशाची पिशवी त्याच्या गळ्यात बांधायचे असं सांगतात. रेल्वेनं गुरांची वाहतूक सुरू झाली तशी त्याची कामं गेली आणि जात संपायच्या बेतात आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी त्याला कामावर घेतलं म्हणून ती टिकली. गुराला ढकलणारा कुत्रा असल्यामुळे तो अंगानं बोलतो. माझ्याकडे नऊ वर्षं भैरू होता. पार्व्हो या विषाणूजन्य रोगाच्या साथीत दवाखान्यात आणलेलं पिल्लू, मालकानं परत नेलंच नाही. पन्नास किलोचं ते जनावर रोज संध्याकाळी माझ्या पायाला रेलून उभं राहायचं, सगळा भार टाकून. मला पाय रोवून उभं राहावं लागायचं. रात्री तो उंबऱ्याला आडवा झोपायचा, आत-बाहेर करणाऱ्याला त्याला ओलांडूनच जावं लागे. नवव्या वर्षी पुढच्या पायाच्या हाडाचा कर्करोग झाला. तो या जातीत वरचेवर होतो, मला माहीत होतं. तरी लंगडणं दिसलं तेव्हा आठवडाभर मी मुरगळलंय असंच धरून चालले.

एवढं असूनही मी तुम्हाला रॉटवायलर सुचवत नाही. त्याला माणसात राहायचं असतं. मळ्यात बांधून ठेवलेला, दिवसातून दोनदा भाकरी टाकलेला रॉटवायलर वर्ष-दीड वर्षात संशयी होतो, आणि पन्नास किलोच्या संशयी कुत्र्यासमोर तुमची चार वर्षांची लेक असणार आहे. शिवाय त्याला आवरायची वेळ आली तर दिवसा घरी कोण असतं? तुमचे आईवडील. त्यांच्या हातात तो राहील का, याचा विचार करा. घरात राहणारा, लहानपणापासून शिस्त लावलेला, रोज तासभर कुणाच्या तरी सोबत काम करणारा असेल तर यासारखा सोबती नाही. तुमच्या वर्णनात तो तासभर मला कुठं दिसला नाही.

कंगाल तुर्कस्तानातल्या सिवास प्रांताचा. थंड, उंच पठारावर मेंढ्यांच्या कळपात राहतो, लांडग्याला आडवा जातो, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. नामिबियात चित्ता संवर्धन निधीनं १९९४ पासून शेतकऱ्यांना याच वाणाचे कुत्रे दिले आणि त्यांनी शेळ्यामेंढ्या चित्त्यांपासून राखल्या. हे खरं आहे आणि फार सुंदर काम आहे, कारण शेळी वाचली म्हणून शेतकऱ्यानं चित्त्यावर बंदूक उगारली नाही. पण चित्ता झगडा टाळणारा प्राणी आहे आणि तो शिकार करतो मुख्यतः दिवसाउजेडी. आपला बिबट्या अंधारात, दबा धरून, मागून येतो. सिवासला हे कुत्रे सहसा एकटे नसतात, जोडीला दुसरे कुत्रे आणि मेंढपाळ असतो. तुमच्याकडे एकच कुत्रा, चौदा शेळ्या आणि चारी बाजूंनी ऊस. कंगालच्या नावाखाली आपल्याकडे येणारी पिल्लं मी पाहिली आहेत, त्यातली बरीच सरमिसळ असतात. चाळीस हजारांत खरा कंगाल मिळणार नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. त्यात रॉटवायलर आणि कंगाल दोन्ही होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. या दोन्ही जातींबद्दल काहीही ठरवायच्या आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आजची स्थिती विचारा.

सेंट बर्नार्डचं मुलाला नीट समजावून सांगा, नुसतं नाही म्हणू नका. आल्प्समध्ये २४६९ मीटर उंचीवरच्या खिंडीत एक मठ आहे. तिथले साधू बर्फात अडकलेले वाटसरू शोधायला या कुत्र्यांना घेऊन जायचे. बारी नावाच्या कुत्र्यानं चाळीसहून जास्त माणसं वाचवल्याचं सांगतात. तो १८१४ मध्ये गेला, त्याचा देह आजही बर्नच्या संग्रहालयात जपलेला आहे. त्या बर्फासाठी घडलेलं अंग शिरूरच्या मे महिन्यात काय सोसेल हे नऊ वर्षांच्या मुलाला लगेच कळतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. माझ्याकडे ऊन लागून आलेल्या मोठ्या कुत्र्यांचा ताप १०७ अंशांपर्यंत गेलेला असतो. निरोगी कुत्र्याचा १०१ ते १०२.५ असतो. ऊन लागून आलेल्यांतले अर्धे वाचत नाहीत.

कारवान आणि मुधोळ तुम्ही विचारले नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मराठवाड्यातला कारवान धावताना बघणं हा माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे. मुधोळ तर २०१६ पासून सैन्याच्या मेरठच्या केंद्रात दाखल झाला. पण हे नजरेनं शिकार हेरून पाठलाग करणारे कुत्रे. ससा दिसला की मागचं सगळं विसरतात. शेळ्यांजवळ बसून राहणं त्यांच्या रक्तात नाही.

आता ज्या कुत्र्याबद्दल मला खरं बोलायचंय तो. तुमच्या यादीत तो नाही, कारण त्याला कुणी जात म्हणून विकत नाही.

दिवाळीनंतर पारनेरकडून मेंढपाळांचे तळ आपल्या रानात उतरतात ते तुम्ही पाहिलेच असतील. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली असते, आत मेंढरं आणि बाहेर तीन-चार कुत्री. काळी, तांबडी, ठिपक्यांची, एकासारखी दुसरी नसते. मी वजन केलेली बहुतेक पंचवीस ते तीस किलोंची भरली. दिवसा झोपलेली दिसतात. रात्री एक उठतं, वाघरीला फेरी मारतं, बसतं. मग दुसरं उठतं. ही पाळी त्यांना कुणी लावून दिलेली नसते. खंडोबाच्या चित्रात घोड्याशेजारी कुत्रा असतो आणि संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच मातीतलं जितंजागतं कुत्रं वाघरीशी बसलेलं असतं त्याला मात्र ‘गावठी’ म्हणून सोडून देतो.

या कुत्र्याचं मर्म पिल्लू असतानाच्या दिवसांत आहे. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहतं त्यांना आपलं मानतं. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानं १९७० च्या दशकात युरोप आणि तुर्कस्तानातून राखणीचे कुत्रे नेऊन हेच अभ्यासलं : मेंढरांत वाढलेला कुत्रा मेंढरांना सोडून जात नाही. तळावरचं पिल्लू मेंढराच्या उबेला झोपतं, कोकरांच्या लाथा खातं. आपल्या मेंढक्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या ओळखीचे एक म्हातारे मेंढके पिल्लू निवडताना सगळी पिल्लं मेंढरांत सोडायचे. जे मेंढराच्या मागं धावेल ते बाजूला, जे वास घेऊन शेजारी बसेल ते ठेवायचं. मी आजवर वापरलेली यापेक्षा चांगली कसोटी नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला म्हणून असा. तळावर कामाला असलेल्या आईचं, आठ आठवड्यांचं मादी पिल्लू घ्या. मादी घर सोडून कमी भटकते. पैसे फार लागणार नाहीत, पण मेंढक्याला मान देऊन मागा, त्याच्या बाकीच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून द्या. कुणी डॉक्टर त्यासाठी तळावर यायला तयार नसेल तर मी येईन. वर्षभरानं, रोज एक तास देता येतो अशी खात्री झाली तर जोडीला जर्मन शेफर्ड घ्या. थोरल्या मुलाला तो शिकवायला द्या, तोवर मुलगा दहा वर्षांचा होईल आणि ते वय त्यासाठी फार चांगलं. दोघांचं पटतं. एक शेळ्यांजवळ बसतं, दुसरं बांधावरून फिरतं.

पिल्लू आणण्याआधी चाळीस हजारांतला मोठा हिस्सा गोठ्यावर खर्च करा. चारी बाजूंनी वेल्ड केलेली जाड जाळी, वर पत्रा, खाली दगडी जोतं आणि बिबट्याला बाहेरून उघडता न येणारी कडी. बिबट्या छतावरून उतरतो, त्यामुळं वरची बाजू उघडी ठेवून उपयोग नाही. त्यातच एका कोपऱ्यात कुत्रीसाठी वेगळा कप्पा करा, शेळ्यांचा वास आणि आवाज येईल असा. अंधार पडला की ती आत, उजाडलं की बाहेर. तिला साखळी नको. काटेरी पट्टा हिमालयातले मेंढपाळ वापरतात, दिवसा उसाच्या कडेनं फिरताना तुम्हीही वापरा, पण त्यावर भरवसा ठेवून रात्री बाहेर ठेवू नका. गोठ्याला लागून ऊस असेल तर दहा-पंधरा फुटांचा पट्टा मोकळा करा.

सहा महिन्यांची झाली की ती करडांशी दांडगाई करेल, पाठलाग करेल. इथंच बरेच लोक हरतात आणि ‘बिघडली’ म्हणून सोडून देतात. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हे वय असतं. तेव्हा तिला करडांबरोबर एकटी सोडू नका, मोठ्या शिंगाच्या शेळीबरोबर ठेवा. शेळीच तिला शिकवते.

दवाखान्यातल्या चार गोष्टी सांगते, कारण यांनीच जास्त कुत्री जातात. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी पूर्ण करा आणि तीन महिन्यांनंतर रेबीज, पुढं दर वर्षी. रॉटवायलर आणि डॉबरमन पिल्लांत पार्व्हो जास्तच जीवघेणा होतो. शेळ्यांच्या गोचिडांवर आणलेलं आयव्हरमेक्टिन उरलं म्हणून कुत्र्याला कधीही टोचू नका. काही शेफर्डांत उपजतच असा दोष असतो की ते औषध थेट मेंदूत पोचतं. लडखडत, लाळ गाळत आणलेली अशी कुत्री मी पाहिली आहेत. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमची पावडर स्वतःच्या मनानं देऊ नका, हाडं वाकडी होतात. नुसत्या भाकरी-दुधावर मात्र कोणतंच कुत्रं नीट वाढत नाही, अंडी, मांस किंवा मासळी हवीच. आणि मोठ्या छातीच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा थोडं थोडं खायला द्या, खाल्ल्यावर तासभर पळवू नका. पोट ढोलासारखं ताणलंय, ओकारी येतेय पण बाहेर काही पडत नाही, जागेवर बसवत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडला असं समजा. तेव्हा हातात काही तासच असतात, शस्त्रक्रिया पुण्यालाच होते. गाडी काढा आणि वाटेतून फोन करा.

माझं सांगणं बरंचसं तुमच्या घरावर अवलंबून आहे. दिवसा कुणीच मळ्यात नसेल किंवा आईला कुत्र्याची भीती वाटत असेल तर मोठा कुत्रा आणूच नका, नुसता बंदिस्त गोठा करा. तेवढ्यानंही शेळ्या वाचतात.

आवडत्या जातीचं विचारलंत. भैरूचा पट्टा माझ्या टेबलाच्या खणात आहे. सध्या अंगणात मात्र तांबडी आहे, तळावरून आणलेली, एक कान लहानपणीच कोकरानं चावलेला. आत्ता हे लिहितेय तेव्हा ती जाळीच्या आतून कालव्याच्या दिशेला बघत भुंकतेय, आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरचे दिवे लागलेत.